करमतंय का?

गेल्या बुधवारी लसीकरणाच्या रांगेत मी सपशेल तोंडघशी पडले. आधी ती गोष्ट सांगते, मग माझं म्हणणं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला जगभर दहा प्रश्नांचा एक फॉर्म वापरतात. एडिंबरा स्केल. कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की या तिघांनी तो १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या सहाव्या प्रश्नात एक अस्सल इंग्रजी वाक्प्रचार बसलाय. अर्थ एवढाच, की कामं, काळज्या सगळं आवाक्याबाहेर चाललंय. एका प्रबंधात त्याचं मराठी 'घटना माझ्यावर चढत आहेत' असं केलेलं मी या डोळ्यांनी वाचलंय. आम्ही आमच्या भागासाठी प्रश्न नीट करायला बसलो तेव्हा मला सुचलं, 'सगळं अंगावर येतंय असं वाटतं का?' इंग्रजीला इंग्रजीच्या जागी ठेवणारं अस्सल मराठी. आम्ही सगळे खूश. मी तर जरा जास्तच.

बुधवारी दीड महिन्याच्या डोसाला बाळं घेऊन बाया आल्या होत्या. पहिलीलाच विचारलं, "ताई, गेल्या सात दिवसांत सगळं अंगावर येतंय असं वाटलं का?"

"न्हाई मॅडम. अंगावरनं जायचं थांबलं आता. आठ दिस झालं."

तिच्या मागची लगेच पुढं सरकली. "माझं बाळ अंगावर पीतच न्हाई ओ. सासूबाई म्हनत्यात वरचं दूध चालू कर."

बाळंतिणीशी बोलताना 'अंगावर' या शब्दाला दोनच अर्थ असतात, अंगावर पाजणं आणि अंगावरून जाणं. ऑफिसात पंख्याखाली बसलेल्या आम्हा चार शिकलेल्यांना ते सुचलं नाही. चौघांत दोघी स्वतः आया आहेत, हे विशेष. आता तिथं आम्ही साधं 'झेपत नाही' लिहिलंय.

मी गेली अठरा वर्षं दवाखान्यांतून मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतेय. जिल्ह्याच्या ठिकाणी, कधी मानसिक आजारांच्या ओपीडीत, कधी मेडिसिनच्या वॉर्डात, कधी खेड्यातल्या आरोग्य केंद्रात. मनःस्थिती मोजणाऱ्या स्केलबद्दल माझी तक्रार एकच आहे. एका जागी तपासून घेतलेलं स्केल आपण उचलतो, भाषांतर करतो, किती गुणांवर आजाराचा संशय धरायचा तो कट-ऑफही मूळचाच ठेवतो आणि कुठंही वापरतो. वर अहवालात लिहितो, 'प्रमाणित साधन'. कुठं प्रमाणित? कुणावर? हे विचारलं की लोकांना राग येतो.

मेडिसिनच्या वॉर्डातलंच घ्या. सध्या नैराश्य तपासायला सगळीकडे पीएचक्यू-९ नावाचं स्केल चालतं. क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांचं, २००१ सालचं. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा वर गेलं की नैराश्याचा संशय. फुकट आहे, छोटं आहे, मलाही आवडतं. पण ते नऊ प्रश्न एकदा खाटेजवळ उभं राहून वाचा. झोप लागते का, थकवा आहे का, भूक लागते का, लक्ष लागतं का, हालचाल मंदावलीय का. नवातले पाच प्रश्न असे आहेत की मन ठणठणीत असलं तरी शरीर त्यांची उत्तरं देऊन टाकतं. आमच्या वॉर्डात एक काका होते. हिमोग्लोबिन सहा, डायलिसिस चालू. झोप नाही, ३. थकवा, ३. भूक नाही, ३. हालचाल मंद, १. झाले दहा. बाकी काका रोज सकाळी शेजारच्या पेशंटला पेपर वाचून दाखवायचे आणि सिस्टरची थट्टा करायचे. त्यांच्या केसपेपरवर कुणीतरी लाल पेनानं 'नैराश्य?' लिहून ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, नैराश्य मला नाही, माझ्या किडनीला आहे."

ही अडचण जुनीच आहे आणि लोकांनी तिच्यावर डोकंही चालवलंय. झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली खास रुग्णालयातल्या पेशंटांसाठी चौदा प्रश्नांचं स्केल केलं, सात चिंतेचे आणि सात नैराश्याचे. झोप, भूक, थकवा त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवला. एडिंबरावाल्यांनी तर त्याहून नाजूक काम केलंय. तान्ह्या बाळाच्या आईला 'झोप होते का' विचारण्यात काय अर्थ आहे? म्हणून त्यांचा प्रश्न आहे, मन इतकं दुःखी होतं का, की त्यामुळं झोप लागली नाही. झोप बाळानं मोडली की दुःखानं, हे एका वाक्यात वेगळं काढलंय. हा प्रश्न ज्यानं कुणी लिहिला असेल त्याला माझा नमस्कार. आणि मराठी करताना नेमकं ते 'त्यामुळं' गाळलेलं मी दोन ठिकाणी पाहिलंय.

झिगमंड-स्नेथच्या स्केलमध्येही गंमत आहेच. भीतीच्या एका प्रश्नात पोटातली फुलपाखरं आहेत. ती मराठीत तशीच आणली तर आमच्या कॉलेजातल्या पोरी लाजतात, कारण त्यांच्याकडे पोटात फुलपाखरं प्रेमात पडल्यावर उडतात. आजी मंडळी फुलपाखरू पोटात गेलंच कसं म्हणून विचारतात. आपल्याकडे भीतीनं पोटात गोळा येतो. आता पोटाच्या सर्जरीच्या वॉर्डात 'पोटात गोळा येतो का' विचारून बघा, पेशंट शर्ट वर करून दाखवतो.

तुम्ही म्हणाल, भाषांतर तपासायची पद्धत असते की. असते. एकानं मराठी करायचं, दुसऱ्यानं मूळ न बघता परत इंग्रजी करायचं, दोन्ही जुळलं की पास. या पद्धतीवर माझा राग आहे, सांगूनच टाकते. शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर या परीक्षेत पहिलं येतं! 'घटना माझ्यावर चढत आहेत' याचं परत इंग्रजी करा, मूळच्या अगदी जवळ जाईल. 'झेपत नाही' याचं करा, समिती म्हणेल, मूळ वाक्य बदललं. कमी पडतो तो तिसरा माणूस, ज्याला इंग्रजी येत नाही आणि ज्याला तो प्रश्न ऐकायचाय. त्याला विचारायचं, "आत्ता मी जे वाचलं त्यातनं तुम्हाला काय समजलं?" बस. दहा-पंधरा माणसांना हे विचारलं तरी निम्मे प्रश्न उघडे पडतात.

अशीच एक आजी. तिला मी पीएचक्यूचा पहिला प्रश्न विचारला, 'कामात रस वाटतो का?' ती माझ्याकडे बघतच राहिली. "कामात कसला आलाय रस? रस वाटतो म्हनून कोन भांगलतंय व्हय? करायचं म्हनून करायचं." तिचा स्कोअर काय लावू, ३? आयुष्यभर तिला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण काम आवडणं ही चैन तिच्या वाट्याला आलीच नव्हती. आणि पीएचक्यूतलं हे दोन आठवड्यांचं गणित! 'गेल्या दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त दिवस' म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि "कधी कधी" म्हणतो. आमच्या आशाताईंपैकी एकीनं यावर उपाय काढला. ती विचारते, "मागच्या दोन बाजारांपासनं?" गावात बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. माणूस लगेच आठवायला लागतो, त्या बाजाराला मी गेलो होतो, ह्या बाजाराला गेलोच नाही. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आशाताईंचा विषय निघालाच आहे. घरोघरी जाऊन त्या जो आरोग्याचा फॉर्म भरतात, त्यात आता मनःस्थितीचेही दोन प्रश्न आहेत, पीएचक्यूचे पहिले दोन. चांगलंच आहे, निदान कुणी विचारतंय तरी. पण जागा बदलली की आकडा कसा फिरतो ते बघा. पीएचक्यू-९ च्या मूळ अभ्यासात ५८० रुग्णांचे स्कोअर स्वतंत्र मुलाखतींशी ताडून पाहिले, तेव्हा दहाच्या कट-ऑफला ते नैराश्य असलेल्या १०० पैकी ८८ जणांना पकडत होतं आणि नसलेल्या १०० पैकी ८८ जणांना बरोबर सोडत होतं. हाच हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडतो असं क्षणभर धरू. मानसिक आजारांच्या ओपीडीत १०० पैकी ६० जणांना खरोखर नैराश्य असेल, तर सुमारे ५३ सापडतील आणि ५ जणांवर उगीच शिक्का बसेल. छान. आता तोच कागद घेऊन गावात जा, जिथं १०० पैकी समजा तिघांना नैराश्य आहे. तिघंही सापडतील, पण त्यांच्यासोबत आणखी बारा जण येतील ज्यांना काहीच नाही. पंधरा माणसं तालुक्याला पाठवायची, तिघांसाठी. बाराजणांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं, वर गावात 'डोक्याच्या डॉक्टरकडे गेलती' अशी चर्चा. हॅमिल्टननं १९६० सालीच नैराश्याचं आपलं स्केल छापताना सांगून ठेवलं होतं, हे निदान झालेल्या रुग्णांसाठी आहे. पण पाकिटावरची सूचना वाचतो कोण.

आणि आमच्या क्षेत्रात अल्फा नावाचा एक देव आहे. स्केलचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. ०.८ च्या वर आला की पेढे. अहो, एकच प्रश्न दहा तऱ्हेनं विचारा, अल्फा वरच जाणार. माप एकसारखं पडतंय एवढंच त्यातून कळतं. कशाचं पडतंय ते कळायला, स्कोअर न बघितलेल्या जाणकारानं त्याच माणसाची स्वतंत्र मुलाखत घ्यावी लागते. आणि फक्त जास्त स्कोअरवाल्यांची घेऊन भागत नाही, कमीवाल्यांचीही घ्यावी लागते. इथं सगळे पैसे वाचवतात. एका शेतकरी गृहस्थांचा स्कोअर शून्य होता. प्रत्येक प्रश्नाला, "पांडुरंगाची कृपा." दाराशी उभ्या बायकोनं मला बाहेर गाठलं आणि म्हणाली, "दोन म्हयनं झालं, भजनाला जायाचं सोडलंय. टाळ माळ्यावर टाकलाय." कमी स्कोअरवाल्याला कुणी भेटलंच नाही, तर हा टाळ सापडायचा कसा?

हे काम होऊ शकतं. शेजारच्या गोव्यात झालंय. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आधी झिंबाब्वेत होते, तिथं त्यांनी शोना भाषिकांसाठी चौदा प्रश्नांची यादी केली ती लोकांच्याच बोलीतून. त्यातला मुख्य शब्द 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे "इचार लई येत्यात मॅडम" म्हणतात ना, तेच. पुढं गोव्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कोकणी एडिंबरा स्केल वापरून २७० मातांचा अभ्यास केला, तो २००२ साली आला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि झालेलं मूल मुलगी असणं, हे धागेही त्यात दिसले. नंतर तिथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. पणजी-म्हापशाला जमलं, तर आपल्याला का जमू नये?

आता माझी लाडकी कल्पना, आणि तिचीही फजिती. मराठीत 'करमत नाही' असा एक शब्द आहे. पीएचक्यूच्या पहिल्या प्रश्नाला हवा असलेला अर्थ त्यात आयता बसतो. शाळा न बघितलेल्या माणसालाही तो कळतो आणि तो बोलताना कुणाला लाज वाटत नाही. गावात, घरच्या ओट्यावर "करमतंय का?" विचारलं की माणूस खरं बोलायला लागतो. मी हा प्रश्न मोठ्या दिमाखात वॉर्डात नेला. सगळ्यांनी सांगितलं, नाही. बरोबरच आहे, दवाखान्यात कुणाला करमतं? नव्या लग्नाच्या सुनेला विचारलं तर तिला माहेर आठवलं आणि ती रडली. तो काही आजार नव्हता.

मग वॉर्डासाठी प्रश्न बदलला, "घरी होता तेव्हा करमत होतं का?" त्या 'कसला आलाय रस' म्हणणाऱ्या आजीला पुन्हा जाऊन हे विचारलं. आधीच्या सगळ्या प्रश्नांना ती फाडफाड बोलली होती. या वेळी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हातारा गेल्यापासनं घर खायाला उठतंय बघा."

आता सुनांसाठीचा प्रश्न तयार करतोय. नवीन सून आणि नैराश्य आलेली सून, दोघी "करमत नाही" म्हणतात. खानदेशात, वऱ्हाडात, तळकोकणात वॉर्डांत काम करणाऱ्या नर्सताई, आशाताई इथं असतील तर सांगा, तुमच्याकडे बाया दुसऱ्या प्रकारच्या 'करमत नाही'ला काय म्हणतात? पुस्तकातला नको, त्यांच्या तोंडचा शब्द हवाय.