‘कोणताही जाड्या चालला असता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चार्ली चॅप्लिनच्या मूकपटांत धिप्पाड खलनायक होणाऱ्या एरिक कॅम्पबेलवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत म्हणून मीही दोन ओळींत सुटका करून घेत नाही. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप आधी सांगतो. जन्मगाव चुकलंय. जेमतेम दीड वर्ष पडद्यावर दिसलेल्या माणसाला ‘कारकीर्द’ हा शब्द फार मोठा होतो. चॅप्लिन प्रत्येक भूमिका आधी स्वतः करून दाखवायचा, तेव्हा समोर कोणताही जाड्या उभा केला असता तरी चाललं असतं. आणि कॅम्पबेलच्या मरणाचं वर्णन करून मी वाचकाला रडवायला बघितलं.

जन्मगाव चुकलं, मान्य. स्कॉटलंडमधलं डनून ही जुनी समजूत मी तशीच उचलली. तो जन्मला इंग्लंडात, चेशर परगण्यातल्या सेल या गावी. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

रडवण्याबद्दलही तुमचं निम्मं बरोबर. जुलै 1917 मध्ये बायको गेली, लगोलग मुलगी गाडीखाली सापडून जखमी झाली, मग घाईचं दुसरं लग्न आणि तेही लगेच मोडलं, 20 डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये मोटार अपघातात तो स्वतः गेला, वय 37. हे सगळं खरं आहे. पण मी ते लेखाच्या शेवटी ठेवलं आणि त्याच्या कामापेक्षा त्याचं नशीबच लक्षात राहिलं. तो परिच्छेद आता वर नेलाय आणि अर्धा केलाय.

‘कारकीर्दी’वर मात्र मी अडून बसणार. मे 1916 ते ऑक्टोबर 1917 या काळात चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीसाठी 12 छोटे मूकपट केले. ‘वन ए.एम.’ हा जवळजवळ एकपात्री, तो सोडला तर उरलेल्या 11 मध्ये कॅम्पबेल आहे. दुकानाचा मॅनेजर, अग्निशमन दलाचा कॅप्टन, पाय सुजलेला श्रीमंत रोगी, गल्लीतला गुंड. त्याआधी इंग्लंडात फ्रेड कार्नोच्या मंडळीत त्याचं रंगभूमीवरचं शिक्षण झालं होतं. चॅप्लिनही त्याच मंडळीतला. त्यामुळे दीड वर्षात जे दिसतं त्याच्यामागचा रियाज बराच आधीचा आहे.

आता ‘कोणताही जाड्या’. चॅप्लिन सगळ्यांना भूमिका करून दाखवायचा, हे खरंच. पण मग त्या 12 पैकीच ‘द इमिग्रंट’मध्ये काय झालं ते बघा. त्यातल्या खानावळीच्या मुख्य वेटरच्या भूमिकेत आधी हेन्री बर्गमन होता. बर्गमनही चांगला गलेलठ्ठ, आणि चॅप्लिनचा इतका विश्वासू की पुढे ‘मॉडर्न टाइम्स’पर्यंत, म्हणजे 1936 पर्यंत, त्याच्यासोबत राहिला. चॅप्लिनने त्याला करून दाखवलंच असणार. चित्रीकरणही झालं. आणि तरी ते टाकून देऊन कॅम्पबेलला घेऊन सगळं पुन्हा चित्रित केलं. टाकलेल्या फिती शिल्लक राहिल्या, म्हणून 1983 च्या ‘अननोन चॅप्लिन’ या माहितीपटात तो बर्गमनचा वेटर आपल्याला बघायला मिळतो. बिचारा बिल मागायला आल्यासारखा दिसतो.

कॅम्पबेलचा वेटर हाडं मोडायला आल्यासारखा दिसतो, आणि त्या प्रसंगाला नेमकं तेच हवं होतं. शेजारच्या एका गिऱ्हाइकाला दहा सेंट कमी पडले म्हणून वेटरमंडळी त्याला बदडून काढतात. चार्ली ते बघतो, खिसा चाचपतो, तर त्याला भोक, नाणं गळून पडलेलं. इथून पुढची सगळी गंमत भीतीवर उभी आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाने दिलेलं नाणं वेटरच्याही फाटक्या खिशातून जमिनीवर पडतं, चार्ली ते मोठ्या शिताफीने मिळवतो, ऐटीत बिलापोटी पुढे करतो, आणि कॅम्पबेल ते दातांखाली धरून चावतो. नाणं वाकतं. खोटं! त्या वेळी कॅम्पबेल जसा नुसता बघतो ना, त्या बघण्यावर हशा येतो. नाटकात काम केलेल्या कुणालाही विचारा, समोरच्याने वाक्य नीट टाकलं नाही तर आपला हशा जातो. मूकपटात वाक्यच नाही, म्हणजे नुसती नजर टाकायची.

तुम्ही त्याच्या वर चढवलेल्या खोट्या भुवयांची थट्टा केलीत. भुवया भडक आहेत, वाद नाही. (दाढ्याही.) पण ‘ईझी स्ट्रीट’मध्ये पोलिस झालेला चार्ली गल्लीतल्या गुंडाच्या, म्हणजे कॅम्पबेलच्या, डोक्यात दंडुका हाणतो तेव्हा बघा: तो डोकं पुढे करून देतो, हाण म्हणतो. मग ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसच्या दिव्याचा खांब वाकवून खाली आणतो, आणि चार्ली संधी साधून त्याच्या पाठीवर झेप घेऊन त्याचं डोकं दिव्यात कोंबतो नि गॅस सोडतो. एवढा मोठा देह हळूहळू ढिला पडत जाणं, हे काम सोपं वाटत असेल तर आरशासमोर करून बघा. मी केलंय. बायकोने डॉक्टरांना फोन लावायचा बाकी ठेवला.

आणि त्याच मूकपटाचा शेवट. तोच गुंड, आता कपडे चापूनचोपून घातलेला, बायकोबरोबर प्रार्थनेला निघालाय. चार्ली त्याला खुणेनेच बायकोबरोबर नीट चालायचं वळण लावतो, आणि हा पहाड शाळकरी पोरासारखा निमूट ऐकतो. काही सेकंदांचं काम. मघाचा राक्षस खरा वाटला असेल तरच हे हसू येतं.

माझ्या मते त्याच्यानंतर चॅप्लिनला असा कायमचा राक्षस मिळालाच नाही. ‘द गोल्ड रश’मधला मॅक स्वेन तेवढाच भारदस्त, पण तो शेवटी दोस्त. भुकेने वेडा होऊन चार्लीत कोंबडी बघतो, तेवढ्यापुरताच धोका. यावर तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा. पण त्याआधी ‘ईझी स्ट्रीट’ पुन्हा एकदा बघा, वीस-पंचवीस मिनिटांचाच आहे, आणि या वेळी चार्लीकडे बघू नका. मग भांडू.