हेल्प? अशी आज्ञा नाही

लिनक्सच्या अपडेटनं रीस्टार्ट मागितला, मी दिला. पडदा काळा, वर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच. ग्रब म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम. 'हेल्प' टाइप केलं तर उत्तर आलं की अशी आज्ञा नाही. म्हणजे नाव रेस्क्यू आणि मदतीचा पत्ताच नाही! अपडेटनं ग्रबची मॉड्यूल्स, म्हणजे त्याचे सुटे भाग, नवी टाकली होती आणि डिस्कच्या सुरुवातीला बसणारा त्याचा गाभा जुनाच ठेवला होता. दोघांचं पटेना. हे सगळं परस्पर, माझ्या सोयीसाठी.

मित्राला फोन लावला. हा साधेपणाचा कट्टर भक्त.

"ग्रब?" त्यानं असं विचारलं, की मी काहीतरी खाऊ नये ते खाल्लंय. "मी लिलोवर आहे." लिलो म्हणजे तेच काम करणारा जुना प्रोग्रॅम.

"लिलोचं काम 2015 मध्येच थांबलं ना?"

"थांबलं नाही. पूर्ण झालं."

यावर काय बोलणार!

"लिलोला फाइल सिस्टीम कळतच नाही," हे त्यानं अभिमानानं सांगितलं. "कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य भाग, डिस्कवर कुठल्या ब्लॉकांत आहे, त्याची यादी धरून बसतो. कर्नल बदलला की लिलो पुन्हा चालवायचा. संपलं."

"आणि चालवायला विसरलो तर?"

"का विसरशील?"

"माणूस आहे."

"तो दोष लिलोचा नाही. उलट तो अडला तर स्वतःचं नाव अर्धवट लिहून थांबतो. कधी नुसता 'एल', कधी 'एलआय'. किती अक्षरं उमटली त्यावरून बिघाड ओळखायचा."

"तुझं शेवटचं कधी अडलं होतं?"

"माझं अडत नाही. मी मशीन बंदच करत नाही."

फोन मीच ठेवला.

सोयवाल्यांचीही आरती ओवाळायला नको. ग्रबच्या मुख्य फाइलीत पहिलीच सूचना: ही फाइल संपादित करू नका. दुसरी फाइल बदला, मग आज्ञा द्या, म्हणजे ती पहिली नव्यानं लिहिली जाईल. त्यात 2021 च्या 2.06 आवृत्तीपासून त्याच मशीनवरच्या शेजारच्या ऑपरेटिंग सिस्टीम शोधायचं काम सुरक्षेसाठी आपोआप बंद. ते हवं असेल तर 'डिसेबल'पुढे 'फॉल्स' असं लिहायचं. चालू करायला बंद करणं बंद करा! एवढं करून या ग्रबला फॉन्ट येतात, मागे चित्र लावता येतं, स्पीकरवर धूनसुद्धा वाजते. मॉड्यूल तेवढं ओळखता येत नाही.

साधेपणात सगळं मी लक्षात ठेवायचं. सोयीत ते दुसरं कुणीतरी ठेवतं आणि मला सांगत नाही. निस्तरायला मात्र दोन्हीकडे मीच.

अखेर पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं, क्रूट केलं, म्हणजे तिथून डिस्कवरच्या सिस्टीममध्ये शिरलो, ग्रब-इन्स्टॉल चालवलं. काम झाल्यावर ग्रब म्हणतो: नो एरर रिपोर्टेड. अरे, रिपोर्ट करायचा कुणाकडे ते तरी सांग!