वीज कुठली, ते आधी सांगा

मुरगाव बंदरातल्या कोळशाचा विषय निघाला की हल्ली गोव्याहून फोनवर एक नवीन युक्तिवाद ऐकू येतो : 'आता कार्बन डायऑक्साइडचं फॉर्मिक अ‍ॅसिड करता येतं, मग कोळशाला एवढं काय घाबरायचं?' वास्कोचा चुलतभाऊ हे म्हणाला, वाळपईचे मामाही म्हणाले. मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला या वायूपासून अ‍ॅसिड करण्याच्याच संशोधनात आहे, त्यामुळे दोघांनाही माझा होकार हवा होता. तो मला देता येत नाही.

अ‍ॅसिड करता येतं, यात शंका नाही. बिस्मथ किंवा कथिलाचा थर दिलेल्या इलेक्ट्रोडवर हा वायू सोडून वीज दिली की एकेक रेणू दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक अ‍ॅसिडचंच क्षाररूप, बनतं. तिथेच पाण्यातून हायड्रोजन निघायची ओढ असते. ती दाबून ठेवणं हे चांगल्या उत्प्रेरकाचं काम. बिस्मथला ते छान जमतं, प्रयोगशाळेत शंभरातले नव्वदहून अधिक इलेक्ट्रॉन फॉर्मेटकडेच जातात. शिशालाही जमतं, पण ते विषारी. इंडियम महाग.

उत्प्रेरक वाट सोपी करतो, ऊर्जा मात्र मोजावीच लागते. हे सगळं ज्यात घडतं त्या सेलला 3.5 व्होल्ट धरले तर किलोभर अ‍ॅसिडला साधारण 4.5 युनिट वीज लागते आणि त्यात जेमतेम किलोभर कार्बन डायऑक्साइड खपतो. कोळशावरच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो वायू हवेत जातो. म्हणजे एक किलो पकडण्यासाठी चारहून अधिक किलो सोडायचा! गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते आणि तिच्यात कोळशाचा वाटा मोठा आहे. शिवाय जगभर वर्षाला फॉर्मिक अ‍ॅसिड खपतं दहा लाख टनांच्या आसपास. 1000 मेगावॉटचं एकच कोळसा केंद्र वर्षाला 50 लाख टन वायू सोडतं. आणि वास्कोतल्या गॅलरीत कपड्यांवर बसणारी कोळशाची काळी भुकटी? तिच्याशी या उत्प्रेरकाचा काडीचा संबंध नाही.

इथे रॉटरडॅम बंदरातही कोळशाचे ढीग आहेत, जर्मनीला तो इथूनच जातो. डच लोक धुतल्या तांदळासारखे मुळीच नाहीत. पण 2005 पासून युरोपात उद्योगांच्या कार्बनला किंमत आहे, आणि 2030 पासून कोळशावर वीज करायची नाही असा कायदा इथे 2019 मध्ये झाला. आमच्या संशोधनाला जो अर्थ आहे तो त्यामुळे. मुरगावचा कोळसा ज्या रेल्वेने जातो ती गोव्यातल्या मोलेच्या जंगलातून जाते; मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या तिथल्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, ती अभयारण्याचा विचार करून. तो प्रश्न तसाच जंगलाचा आणि धुळीचा राहू द्यावा. रसायनशास्त्राची ढाल पुढे करू नये.

मामांची रबराची बाग आहे, म्हणून त्यांच्याशी बोलणं लांबलं. चीक गाळून ट्रेमध्ये ओतायचा, भरपूर पाणी घातलेलं फॉर्मिक अ‍ॅसिड घालून हलक्या हाताने ढवळायचं, सकाळी गोठलेली पांढरी शीट रोलरमधून काढायची. हे अ‍ॅसिड कॅनमधून विकत येतं, बहुतेक नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनलेलं. विजेवर बनणारं अ‍ॅसिड पातळ असतं, ते घट्ट करायला पुन्हा ऊर्जा लागते. आमची मोठी डोकेदुखी तीच. रबराला तर पातळच हवं! 2019 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात बिस्मथ आणि घन इलेक्ट्रोलाइट (क्षारांच्या द्रावणाऐवजी आयन वाहून नेणारा घन पदार्थ) वापरून क्षार न मिसळलेलं अ‍ॅसिड थेट मिळवलं गेलं. गोव्यात डिस्टिलऱ्या आहेत, तिथे आंबवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्ध असतो. छपरावरची सौर वीज जोडली तर मामांच्या सत्तरी तालुक्यापुरता एक छोटा संच करून पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी मी सुट्टी काढून यायला तयार आहे.

इलेक्ट्रोडच्या छिद्रांत पाणी शिरून तो निकामी होणं, ही अडचण सत्तरीतही येणारच. मामांना तेही सांगून ठेवलं आहे.