रेल्वे ही इंग्रजांनी दिलेली भेट नव्हती

१६ एप्रिल, म्हणजे देशातली पहिली प्रवासी गाडी धावली तो दिवस, जवळ आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. मथितार्थ असा : इंग्रजांनी स्वतःच्या पैशाने आपल्याला रेल्वे दिली, इथल्या लोकांना ती नकोच होती, आणि इंग्रज नसते तर आपण आजही बैलगाडीतून फिरत असतो.

आधी पैशाचे बोलू, कारण गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. १८५३ साली सुरू झालेला बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा मार्ग ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ (जीआयपी) या खासगी इंग्रज कंपनीने बांधला. भांडवल मुख्यतः इंग्लंडमधल्या भागधारकांचे, हे खरे. पण १८४९च्या कराराने कंपनीला ५ टक्के व्याजाची हमी मिळाली आणि जमीन फुकट. कमाई कमी पडली की तूट भरायची हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे मोठ्या प्रमाणावर इथल्या शेतसाऱ्यातून. नफ्याला भागधारक आणि तोट्याला रयत, याला भेट कसे म्हणायचे? शिवाय हमी असल्यावर काटकसर कोण करतो! कलकत्त्यात सरकारचे अर्थखाते सांभाळलेल्या विल्यम मॅसी यांनीच पुढे ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितले, की ५ टक्के मिळताहेत तोवर आपला पैसा हुगळी नदीत फेकला जातो की त्याचे वीटकाम होते, याच्याशी भांडवलदाराला देणेघेणे नव्हते. अखेर १९०० साली सरकारने जीआयपी विकत घेतली, तीही भारताच्याच तिजोरीतून.

‘लोकांना नकोच होती’ हे तर मुंबईच्या इतिहासाला धरूनच नाही. १८४५ मध्ये नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी मुंबईत रेल्वेसाठी संस्था उभी केली, पाठपुरावा केला. पहिल्या गाडीत नाना स्वतः होते. मात्र नानांनी पदरच्या पैशाने रेल्वे बांधली, हे उलट टोकाचे विधानही मला मान्य नाही. नानांचे मोठेपण सांगायला त्याची गरज नाही.

आणि बांधली कोणी? आराखडे जीआयपीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे, देखरेख इंग्रज अभियंत्यांची. पण जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदारानेही जीआयपीची कामे घेतली आणि नीट तडीस नेली. पुढे बोरघाट फोडताना हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी गेले. खंडाळ्याच्या बोगद्यांतून जाताना मला नेहमी तीच माणसे आठवतात. त्यांची नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत.

राहिला ‘इंग्रज नसते तर’ हा मुद्दा. जपान कुणाची वसाहत नव्हता. त्याने लंडनमध्ये कर्ज काढले, इंग्रज अभियंते पगारावर आणले आणि १८७२ मध्ये पहिली गाडी सोडली. आठच वर्षांत क्योतो ते ओत्सु मार्ग, बोगद्यासकट, जपानी अभियंत्यांनी स्वतः पुरा केला. आपल्याकडे काय झाले? पहिली गाडी धावल्यानंतर चारच दिवसांनी गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेवर टिपण लिहिले. त्यात सैन्य झटपट हलवणे आणि इंग्लंडला हवा असलेला कापूस बंदरापर्यंत पोचवणे हे हेतू स्पष्ट आहेत. इंजिने तर इथे होण्यासारखी होतीच. अजमेरच्या कारखान्याने १८९५ मध्ये एक तयारही केले. तरी स्वातंत्र्यापर्यंत बहुतेक इंजिने ब्रिटनमधूनच येत राहिली. बंगालमधल्या चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिले वाफेचे इंजिन बाहेर पडले ते १९५० साली.