धरणाच्या खालची माणसं

परवा भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामा, हा व्हिडिओ बघाच." रात्रीचा अंधार, पाण्याला घासत जाणारं विमान, धरणाची भिंत, स्फोट आणि मग लोंढा. पोरगा बारावीला आहे, एनडीएचा फॉर्म भरलाय, वैमानिकच व्हायचंय त्याला. त्याचा आनंद मोडायची माझी इच्छा नव्हती. पण आमचं गाव हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठावर. भिंत फुटताना बघून वाहवा म्हणणं मला जमेना.

व्हिडिओतला वैमानिक गाय गिब्सन. जन्म १९१८ चा, आपल्या सिमल्यातला. वडील वनखात्यात होते. सहा वर्षांचा असताना इंग्लंडला गेला आणि १९३६ साली हवाई दलात शिरला. दुसऱ्या महायुद्धात, १६ मे १९४३ च्या रात्री जर्मनीतली धरणं फोडायला १९ लँकेस्टर विमानं निघाली, १३३ माणसं. त्यांचा प्रमुख हा, वय २४. आमच्याकडे या वयात पोरं अजून स्पर्धा परीक्षेचे क्लास लावत असतात.

बॉम्ब पिंपासारखा होता. त्याला उलटा गरगर फिरवून सोडायचा, म्हणजे चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो तसा तो भिंतीपर्यंत जाणार. त्यासाठी विमान पाण्यापासून बरोबर ६० फुटांवर हवं. एवढ्या कमी उंचीवर यंत्राचा भरवसा नाही, म्हणून विमानाच्या पोटाला दोन दिवे तिरपे लावले. पाण्यावरचे त्यांचे दोन ठिपके एकमेकांना भिडले की ६० फूट. समोरून तोफा चालू असताना स्वतःच दिवे लावून जायचं!

म्योने धरणावर पहिला बॉम्ब गिब्सनने टाकला. भिंत तशीच उभी. मागून आलेलं दुसरं विमान तोफांनी पाडलं. गिब्सनचं काम झालं होतं, तो वर निघून जाऊ शकत होता. पण पुढचं विमान आलं तेव्हा हा त्याच्या बाजूने उडत राहिला, तोफांचा मारा आपल्यावर यावा म्हणून. इथे मी मनापासून हात जोडतो. त्या रात्री आठ विमानं परतली नाहीत. ५३ जण गेले.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, अमेरिकेत फिरवलं, टेबलावरचं काम दिलं. त्याला ते सोसेना. हट्ट करून पुन्हा उडाला. १९ सप्टेंबर १९४४ ला जर्मनीवरच्या हल्ल्यातून परतताना त्याचं मॉस्किटो विमान नेदरलँड्समधल्या स्टेनबर्गनला कोसळलं. त्याचा दिशादर्शक जिम वॉरविकही गेला. शरीरं ओळखण्यासारखी उरली नव्हती. गिब्सनची ओळख पटली ती मोज्यावरच्या धोब्याच्या चिठ्ठीवरून. वय २६. त्या युद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या विमानांच्या विभागात, सुमारे सव्वा लाख पोरं उडाली, त्यातली ५५,५७३ मेली.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. मग व्हिडिओत नसलेलंही सांगितलं.

म्योनेची भिंत मध्यरात्रीनंतर फुटली. खाली नेहाइम गावाजवळ एक छावणी होती, जर्मनांनी सोव्हिएत मुलखातून धरून आणून कामाला जुंपलेल्या बायांची. पाण्याने ती धुऊन नेली. त्या लोंढ्यात तेराशेच्या वर माणसं बुडाली आणि त्यातली निम्म्याहून जास्त अशी बाहेरून आणलेली होती. ज्या हिटलरशी गिब्सन लढत होता, त्याच हिटलरच्या कैदेत त्या होत्या.

माझी माय बाजूला शेंगा फोडत ऐकत होती. तिने विचारलं, "मंग त्या बाया पयाल्या काबरं नही?"

कुंपणाच्या आत होत्या, माय.

हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की आमच्याकडे आधी निरोप येतो. किती क्युसेक पाणी सोडलं, नदीकाठी जाऊ नका, गुरं सोडवून वर आणा. तरी रात्री पाण्याचा आवाज वाढला की मायला झोप लागत नाही. त्या बायांना कुणी निरोप दिला?

माझं म्हणणं एवढंच आहे की असे व्हिडिओ भिंत फुटली की थांबतात, ते थांबू नयेत. खालची माणसं सांगितली म्हणून गिब्सनचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. त्याने स्वतःच्या आठवणींत बुडालेल्यांचा विषय टाळला नाही, मग आपण का टाळावा? पुढे १९७७ साली युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारात जास्तीची कलमं घातली, त्यात धरणांवरच्या हल्ल्यांना आवर घालणारं कलम आलं. ते कलम कशापायी लागलं, हे वैमानिक होऊ बघणाऱ्या पोराला ठाऊक असलं पाहिजे. आमच्या वरणगाव-भुसावळकडे कित्येक घरांची चूल आयुध निर्माणीच्या पगारावर पेटते. सैन्याबद्दल आम्हाला कुणी प्रेम शिकवायला नको. म्हणूनच अर्धी गोष्ट पोरांच्या हाती देऊ नये असं वाटतं.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मी फॉर्म मागे घेणार नाही हं." मी म्हटलं, घेऊही नकोस.

मायने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "त्या पोराची माय होती का रे?"

युद्ध सुरू झालं त्याच वर्षी गेली होती, १९३९ साली.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली.