आधी मडगार्ड, मग कार्बन

पुण्यातल्या सायकलवाल्या मित्रांमध्ये सध्या काय चर्चा चालू आहे ते मला इथे हॉलंडमधल्या युट्रेख्त शहरात बसून रोज कळतं. सरळ हँडलची हायब्रिड घ्यावी की एकदम वाकड्या हँडलच्या हलक्या रोड बाईकवरच जावं, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर पैसे घालण्यापेक्षा थोडं थांबून कार्बनची घ्यावी का, क्लीट म्हणजे बूट पॅडलला अडकवणारे खटके लावले की नक्की किती फरक पडतो, झोन टूच्या हलक्या सरावात किती हार्ट रेट. आणि मधूनमधून कोणीतरी सायकल ट्रॅकवर लावलेल्या गाड्यांचा फोटो टाकतं, मग दिवसभर त्यावर बोलणं, की आपल्याकडे काही होणं शक्य नाही. शेवटी एक जण मला म्हणतोच, तुझं बरंय बाबा, तू हॉलंडमध्ये आहेस, सपाट देश, थंड हवा.

मला यावर जरा सविस्तर बोलायचंय. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे सायकलिंगचा छंद केवढा वाढला, नाशिकचे महाजन बंधू २०१५ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत टीम म्हणून पूर्ण करून आले, २०१७ मध्ये नागपूरचे अमित समर्थ आणि लष्करातले श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच रेस एकट्याने पूर्ण केली, पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीत जगाला चक्कर मारून आली. हे वाचताना इथे बसून ऊर भरून येतो, खरंच. पण हा छंद वाढता वाढता रोजच्या सायकलीपासून तुटला असं मला वाटतं. पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या पायथ्याशी असणारा माणूस साडेनऊला दीड किलोमीटरवरच्या बँकेत स्कूटरने जातो, कोथिंबीर आणायलाही स्कूटर. यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही, कारण त्याच्याकडे जी सायकल आहे तिला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, कुलूप लावून दुकानाबाहेर सोडायची तर जीव वर-खाली होतो. ती त्या कामाची नाहीच. म्हणून माझं म्हणणं असं की छंद म्हणूनसुद्धा पहिली सायकल रोज वापरता येईल अशीच घ्यावी, आणि आपल्या चर्चेतला निम्मा जोर तरी त्या सायकलीकडे वळावा.

इथली रोजची सायकल कशी असते ते सांगतो. या देशात माणसं पावणेदोन कोटींच्या थोडी वर आणि सायकली सव्वादोन कोटींच्या वर, आणि त्यातल्या बहुतेक बघायला अगदी साध्या. पाठ सरळ ठेवून बसायचं, चेन पूर्ण बंद डब्यात, मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच, तीन किंवा सात-आठ गिअर, पुढच्या चाकात हब डायनॅमो म्हणजे लाइट कायमचा बसवलेला आणि चार्ज करायची कटकट नाही, पुढे-मागे मडगार्ड, दणकट कॅरिअर, आणि मागच्या चाकाला फ्रेमवरच बसवलेलं गोल कुलूप. बऱ्याच सायकलींना तर पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. वजन वीस किलोच्या आसपास, कधी जास्तच. अशा सायकलीवर डॉक्टर हॉस्पिटलला जातात, आया पुढे-मागे एकेक मूल बसवून शाळेत सोडतात, पंचाहत्तरीच्या आजीबाई बाजारात जातात. युट्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचा तीन मजली स्टँड आहे, २०१९ मध्ये पूर्ण झाला, पहिले चोवीस तास फुकट. सकाळी आठला तिथे उभं राहिलं की सायकलिंग हा काही निवडक फिट लोकांचा प्रकार आहे हे डोक्यातून आपोआप निघून जातं.

आता वर सांगितलेलं वर्णन परत वाचा आणि आपल्या आजोबांची काळी सायकल आठवा. उंच फ्रेम, मोठी चाकं, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी, टायरला घासणारा डायनॅमो. दोन्ही एकाच घराण्यातल्या, रोडस्टर नावाच्या जुन्या दणकट इंग्लिश सायकलीच्या. डच लोकांनी ती टाकली नाही, सुधारत नेली. आपल्याकडे ती गरिबाची सायकल ठरली आणि तिच्यात गेल्या कित्येक वर्षांत कोणी काही सुधारणा केली नाही, आणि मग जी नवीन आली ती एकदम माउंटन बाईक, जाड टायर, पुढे सस्पेन्शन, मडगार्ड शून्य. ३ जून २०२० ला अ‍ॅटलस सायकल कंपनीने दिल्लीजवळचा साहिबाबादचा कारखाना बंद केला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा. त्या बातमीवर सगळे हळहळले. पण हळहळण्यापलीकडे प्रश्न असा की दूधवाल्याची सायकल आणि लाखाची रोड बाईक यांच्या मधली सायकल कुठे गेली. माझी आई सत्तरच्या दशकात साडी नेसून लेडीज सायकलवरून कॉलेजला जायची, तेव्हाच्या पुण्यात त्यात कोणाला विशेष वाटायचं नाही. आज मुलगी दहावीपर्यंत सायकलवर जाते आणि मग तिला स्कूटी मिळते, आणि पुढे चाळिशीत परत सायकल चालवावीशी वाटली तर तिला जर्सी, पॅडेड शॉर्ट्स आणि आडव्या दांड्याची फ्रेम यातून यावं लागतं. किती जणी तिथेच थांबत असतील. बुटकी फ्रेम आणि बंद चेनकव्हर एवढ्या दोन गोष्टींनी सलवार-कुर्त्यातलं सायकलिंग सुरू होतं, आणि त्यावर मी आपल्याकडे जवळजवळ चर्चाच ऐकत नाही.

सपाट देशाचं म्हणाल तर ते खरं आहे, पण अर्धंच. इथे चढ नाहीत तर वारा आहे. तुम्ही ताशी वीसने चाललाय आणि समोरून पंचवीसचा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा पंचेचाळीसची, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शांत हवेपेक्षा पाचपट रेटा. घाट निदान कुठेतरी संपतो आणि मग उतार मिळतो. इथे झीलँड प्रांतात समुद्रावरच्या लांबलचक बंधाऱ्यावर वाऱ्याविरुद्ध सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा होते, वादळाचा अंदाज आला की थोडे दिवस आधी जाहीर करतात आणि सगळ्यांनी बिनगिअरच्या साध्या सायकलींवरच ती करायची. आणि पाऊस तर बारा महिने. तरी एप्रिल-मे मधली आपली दुपार, रात्रीची भटकी कुत्री, पावसाळ्यात पाण्याखाली गेलेले खड्डे याला इथे तोड नाही हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मे महिन्यात दुपारी दोनला कोणी सायकलने ऑफिसला जावं असं मी कोणालाच सांगणार नाही. पण सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेसहा, आणि तेसुद्धा तीन-चार किलोमीटर, एवढं वर्षातले बरेच महिने जमण्यासारखं आहे.

आणि दुसरी गोष्ट, हा देश पहिल्यापासून असा नव्हता. १९७१ साली इथे रस्त्यावरच्या अपघातांत ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यात ४०० पेक्षा जास्त लहान मुलं. सायकली मागे पडत चालल्या होत्या, मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते. मग आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा असं सरळ नाव घेऊन आंदोलन झालं, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि लोकांना रिकामे रस्ते दिसले. युट्रेख्तमध्येच त्या काळात जुना कालवा बुजवून मोठा मोटाररस्ता केला होता, तो उखडून २०२० मध्ये परत पाणी आणलं, आता तिथे उन्हाळ्यात लोक होड्या चालवतात. म्हणजे दुरुस्त करायला यांनाही पन्नास वर्षं लागली. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८०० किलोमीटरपेक्षा जास्त जाळं कागदावर आहे. ते कागदावरून खाली का येत नाही याचं एक कारण मला असं दिसतं की त्यासाठी रोज भांडणारा माणूस हवा, आणि रोज भांडायला रोज त्या रस्त्यावर सायकलने जावं लागतं. रविवारी पहाटे रस्ता रिकामाच असतो, तेव्हा ट्रॅकची गरज कोणाला वाटणार. आपला छंदवाला वर्ग शिकलेला आहे, अर्ज लिहू शकतो, नगरसेवकाला गाठू शकतो, पण त्याची गैरसोयच होत नाही. भाजीवाला, वॉचमन, कारखान्यातला कामगार रोज जीव मुठीत धरून त्याच रस्त्यावरून जातो आणि त्याला कोणी विचारत नाही. हे दोघं एका रस्त्यावर एका वेळी आले पाहिजेत.

हेल्मेटवरून मात्र मला परदेशातल्या आपल्याच लोकांशी भांडावंसं वाटतं. इथे येऊन दोन वर्षं झाली की काही जण घरच्यांना सांगायला लागतात, हेल्मेट कशाला, हॉलंडमध्ये कोणी घालत नाही. अहो, इथे सायकलला वेगळा रस्ता आहे, चौकात वेगळा सिग्नल आहे, प्राथमिक शाळेतल्या मुलांची सायकलवरून रहदारीची परीक्षा होते. मोटारीने सायकलवाल्याला धडक दिली तर सायकलवाल्याची थोडी चूक असली तरी सहसा निदान निम्मी भरपाई मोटारवाल्याकडून येते, आणि १४ वर्षांखालचं मूल असेल तर पूर्ण. हे सगळं असताना उघड्या डोक्याने फिरणं आणि कात्रजच्या रस्त्यावर ट्रकच्या बाजूने उघड्या डोक्याने फिरणं एक नव्हे. शिवाय इथेही सगळं गोड नाही, २०२२ मध्ये या देशात रस्त्यावर ७४५ जण गेले, त्यातले २९१ सायकलवर होते, बरेचसे वयस्कर. इथले रेसिंगवालेसुद्धा झाडून सगळे हेल्मेट घालतात. तेव्हा तिकडे पुण्यात घाला, नीट पट्टा आवळून घाला, आणि याबाबतीत पुण्याची शिस्त बरोबर आहे.

ट्रेनिंगचं बोलायचं तर इथे मला माझ्या मित्रांना खरोखर काही द्यायचंय. सगळ्यांना झोन टू हवा असतो, म्हणजे बोलत बोलत चालवता येईल एवढाच जोर, आणि सगळ्यांची तक्रार एकच की त्यासाठी वेळ नाही. मग रविवारी ग्रुपबरोबर जातात, पहिल्या चढालाच कोणीतरी पुढे काढतो, सगळे त्याच्या मागे, आणि ती राईड ना हळू होते ना पुरेशी कठीण. रोजचं ऑफिस हाच झोन टू आहे. माझं ऑफिस आठ-नऊ किलोमीटर, जाताना आरामात, घाम न येईल असं, येताना एखाद्या दिवशी दोन पुलांच्या मधला टप्पा जोरात मारायचा आणि परत श्वास खाली येऊ द्यायचा, बस. आठवड्याचा पाया असाच तयार होतो आणि त्यासाठी पहाटे उठावं लागत नाही, घरच्यांचा वेळ जात नाही. मग रविवारी खरंच जोर लावता येतो. आमच्या इथला नावाजलेला चढ म्हणजे आमेरोंगची टेकडी, उंची ६९ मीटर. तुमच्याकडे दिवे घाट, बोपदेव, सिंहगड हाताच्या अंतरावर आहेत, इथल्या माणसाला असा चढ करायला सुट्टी काढून दुसऱ्या देशात जावं लागतं! ते वैभव मला रोज आठवतं.

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, त्या करणाऱ्यांकडे तर रोजच्या सायकलीबाबत बाकीच्यांनी शिकायला जावं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. म्हणजे थांबणं, खाणं, पंक्चर धरून ताशी पंधराची सरासरी. त्यांना लाइट लागतात, रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतं, बॅग सायकलवर लागते पाठीवर नाही, पावसात मडगार्ड किती उपयोगाचं ते त्यांना माहीत असतं, आणि बरेच जण आता २५ मिलिमीटर रुंदीचे टायर सोडून ३२ किंवा ३५ वर आलेत कारण खडबडीत रस्त्यावर जरा कमी हवेचा रुंद टायर हळू नसतो, उलट हातापायाला बसणारे हादरे कमी होतात. आता बघा, लांब पल्ल्याच्या माणसाची सायकल आणि रोज ऑफिसला जाणाऱ्याची सायकल जवळजवळ एकच निघाली. मधली सायकल ती हीच, आणि आपल्याकडे ती जाणणारी माणसं आहेत, फक्त दुकानात गेल्यावर कोणी ती मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही.

परवा एका मित्राने पहिल्या सायकलीसाठी परत तोच प्रश्न विचारला, त्याला मी जे लिहिलं तेच इथे लिहितो. पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, सस्पेन्शन नसलेला घे. ३५ चा टायर मडगार्डसकट बसेल एवढी जागा आहे का बघ, आणि कॅरिअरचे बोल्ट बसायला फ्रेमवर भोकं आहेत का ते बघ, ती नसतील तर ती सायकल सोड, कितीही छान दिसू दे. वर उरलेल्या पैशात चांगलं कुलूप, पुढचा-मागचा लाइट, हातपंप आणि दोन ट्यूब. सीट वर घे, आपल्याकडे नव्वद टक्के लोक सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात, पॅडल खाली असताना गुडघा अगदी थोडाच वाकलेला हवा. पहिले तीन महिने फक्त चार किलोमीटरच्या आतली सगळी कामं तिच्यावर कर. त्यानंतरही क्लीट आणि कार्बन हवेसे वाटले तर मला फोन कर, मी तासभर बोलायला तयार आहे.