नाव गुप्त राहील का?

ओळखीतला एक मुलगा आहे, राज्य सरकारच्या नोकरीत. खातं, गाव, माझं त्याचं नातं काहीच सांगत नाही, का ते पुढे कळेल. मागच्या आठवड्यात घरी आला, चहा झाला, घरातले आत गेल्यावर हळूच म्हणाला, दादा, न झालेल्या कामांची बिलं निघतायत, झेरॉक्स आहेत माझ्याकडे, वरती कळवलं तर नाव गुप्त राहील का? मी म्हटलं अरे कायदा आहे ना त्यासाठी, बघून सांगतो. रात्री बघायला बसलो आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

कायदा खरंच आहे. व्हिसलब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्ट, म्हणजे सरकारी घोळ कळवणाऱ्याला संरक्षण देणारा. डिसेंबर २०११ ला लोकसभेत पास, फेब्रुवारी २०१४ ला राज्यसभेत, मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही. पण पहिल्याच कलमात लिहिलंय की केंद्र सरकार नोटिफिकेशन काढून जी तारीख ठरवेल त्या दिवसापासून हा लागू, आणि ती तारीखच कुणी ठरवली नाही. दहा वर्षं उलटून गेली! उलट २०१५ मध्ये लागू न झालेल्या कायद्यालाच कात्री लावायचं विधेयक आणलं, दहा प्रकारच्या माहितीबद्दल तक्रारच करता येणार नाही म्हणे. लोकसभेत पास पण झालं, राज्यसभेत अडकलं म्हणून वाचलो. कृपया इथे कमेंटमध्ये पक्ष आणू नका, एकाने जाता जाता पास केला आणि दुसऱ्याने कपाटात ठेवला.

हा कायदा मुळात कुणामुळे आला? सत्येंद्र दुबे. आयआयटी कानपूरचा इंजिनियर, बिहारमध्ये सुवर्ण चतुष्कोणाच्या हायवेवर कामाला. २००२ मध्ये त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कंत्राटातला घोळ सांगितला आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र त्याच्या नावासकट ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३, पहाटे गयेत त्याला गोळी घातली. सीबीआयच्या लेखी ती लुटीची केस. त्याच्यानंतर २००४ मध्ये सरकारने एक ठराव काढला, केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करा, नाव गुप्त ठेवू. तो आजही चालू आहे, पण फक्त केंद्राच्या कर्मचाऱ्यांबद्दलच्या तक्रारींसाठी. म्हणजे आमच्या ह्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

बिहार लांब वाटत असेल तर आपल्या तळेगावला या. सतीश शेट्टी, माहिती अधिकारात कागद काढून एक्सप्रेसवेच्या आसपासच्या जमिनींचे व्यवहार बाहेर काढणारा माणूस. जिवाला धोका आहे म्हणून पोलीस संरक्षण मागितलं होतं, मिळालं नाही. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेला तेव्हा भर रस्त्यात वार करून मारलं. सीबीआयने २०१४ ला पुरावा नाही म्हणून फाईल बंद करायला घेतली. नंतर पुन्हा उघडली, पुन्हा बंद. शिक्षा कुणालाच नाही. आणि मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे, ते तर स्वतःच सरकार होते ना? तेलाची भेसळ रंगेहाथ पकडली म्हणून २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होतं.

मला राग मारेकऱ्यांचा आहेच, पण जास्त राग त्या न काढलेल्या नोटिफिकेशनचा येतो. एक पान लागतं हो त्याला. माणसाला धमकी द्यायची, बदली करायची, चौकशी मागे लावायची काही गरजच पडत नाही, नुसती तारीख टाकायची नाही, बास. मग ऑफिसात ज्याला जे दिसतं ते तो गिळतो, आणि आपण बाहेरून म्हणतो की सगळेच सामील असतात.

काल रात्री त्या मुलाचा मेसेज आला, दादा, बघितलंत का?

अजून रिप्लाय केलेला नाही. तीनदा टाईप केलं आणि पुसलं.